तुळई गप्प झाली

१

किंकाळी तिसऱ्या मजल्यावरून आली. मावशी तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत बसून एका बुडालेल्या नावेवर चरफडत होत्या. नाव बुडून शंभर वर्षं झालेली, त्यातली माणसं कधीच गेलेली, पण मावशींचा राग अजून ताजा होता. वादळ नाही, खडक नाही, काही म्हणता काही नाही. तळाची झडप दुसऱ्याने लावली असेल असं दोघा शहाण्यांना वाटलं, आणि नाव गेली तळाला. जुने अपघात उकरून काढायचे आणि ते नेमके कुणाच्या कोणत्या गैरसमजातून झाले हे शोधायचं, हा मावशींचा आयुष्यभराचा अभ्यास. संशोधन संस्थेतले सगळे त्यांना मावशीच म्हणत, कारण त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा तिसऱ्या मजल्यावर संशोधन करायचा. तो सगळ्या संस्थेचा भाचा झाला होता आणि त्या सगळ्यांच्या मावशी.

जिना चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली, पण मावशी थांबल्या नाहीत. नव्या रंगाचा वास अजून बोळभर दरवळत होता. भुंगीच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि भुंगी जमिनीवर फतकल मारून बसली होती. वयाने लहान, कामाने हट्टी, लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांवर संशोधन करणारी, म्हणून तिला सगळे भुंगी म्हणायचे. तिच्या समोर पुरुषभर लांबीची एक जुनी तुळई आडवी पडली होती आणि तिच्या तळहातावर एक पांढुरकी अळी होती.

"मेले मावशी, सगळे मेले," ती म्हणाली. "यंत्र लावून ऐकलं. कुरतडणं नाही, टकटक नाही. तुळई गप्प झालीय."

"सगळे कसे मरतील एकदम?"

"मारलेत." भुंगीने शेजारच्या बंद दाराकडे बोट केलं. "त्याने मारलेत. तुमच्या भाच्याने."



२

या संस्थेत एका दारामागे काय चाललंय ते शेजारच्या दाराला ठाऊक नसायचं. कुणी दोरीच्या गाठींचं गणित मांडतंय, कुणी जेमतेम चार म्हातारे बोलतात अशा भाषेचं व्याकरण लिहितंय, कुणी पुलाच्या लोखंडाला कशाने गंज चढतो ते बघतंय. विचारायची पद्धतच नव्हती. विचारलं की समोरचा माणूस तासभर सोडत नाही, या धास्तीने बोळात सगळे नुसते हसून पुढे सटकायचे.

संचालकांनी भुंगीच्या खोलीला लगेच कुलूप ठोकलं, अळी काचेच्या कुपीत घातली, कुपी टेबलावर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना बोलावून घेतलं.

"दुपारी समिती बसतेय. हे म्हणजे दुसऱ्याचं संशोधन नष्ट करणं झालं. शाबित झालं तर तुमच्या भाच्याला इथूनच काय, कुठल्याच संस्थेच्या दारात उभं करणार नाहीत."

"शाबित झालं तर ना?"

"झाल्यातच जमा आहे हो." संचालक वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त कटकट लवकर मिटायला हवी होती. "रंगकामासाठी सगळ्यांचं सामान खालच्या मोठ्या दालनात ठेवलं होतं. परवा सकाळी ज्याने त्याने आपापलं वर नेलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी दालनाची किल्ली फक्त त्याने नेली होती. कशाला, ते सांगत नाही. शिवाय 'एक दिवस तुझं लाकूडच उकळून काढीन' असं तो भुंगीला सगळ्यांदेखत म्हणाला होता. तुम्ही त्याच्या मावशी. कबूल करायला सांगा, म्हणजे शिक्षा जरा सौम्य करता येईल."

"कबूल करायचं ते मी बघते. पण समिती बसेपर्यंत मला कुणाशीही बोलायची मुभा हवी. आणि त्या खोलीत एकदा जायची."

संचालकांनी मान डोलावली. मावशींनी कुपी उचलून उजेडात धरली. अळी टणक दिसत होती. कुपी हलवली तर आतून वाळक्या दाण्यासारखा खुळखुळ आवाज आला. मावशींना काहीतरी खटकलं, पण काय ते हाती लागेना.

बाहेर भुंगी भिंतीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज आता ताब्यात होता.

"तुझं काम मला पहिल्यापासून सांग," मावशी म्हणाल्या. "सहा वर्षं शेजारून जातेय, कधी विचारलं नाही. माझंच चुकलं."

भुंगी सांगू लागली. हे भुंगे लाकडात डोकं आपटून टकटक करतात आणि त्या टकटकीवरून जोडीदार शोधतात. अळीचा भुंगा व्हायलाच पाच-सहा वर्षं लागतात. भुंगीने तुळईतल्या वाढलेल्या भुंग्यांना आधीच वेगळं केलं होतं, आत फक्त बाळअळ्या राहू दिल्या होत्या. त्यांनी आईबापांची टकटक कधीच ऐकलेली नव्हती. या मोसमात त्या भुंगे होऊन पहिल्यांदा टकटकायला लागल्या होत्या.

"न ऐकता त्यांना ताल कुठून कळतो, एवढंच मला बघायचं होतं. मोजणी आत्ता कुठे सुरू झाली होती. मला पुन्हा सहा वर्षं कोण देणार?"

"तुळई कुठली?"

"जुन्या पिठाच्या गिरणीची. गिरणी पाडली तेव्हा तुळई मधोमध कापली आणि अर्धी मला मिळाली."

"आणि उरलेली अर्धी?"

"काय की. नेली असेल कुणीतरी. मला किड्यांशी मतलब."

"एक सांग. मेलेली अळी सुकून अशी खुळखुळायला किती काळ लागतो?"

भुंगी बोलायला लागली आणि मध्येच अडखळली. "मऊ पडते आधी, मग काळी पडते. सुकायला... खूप दिवस लागतात." तिच्या कपाळाला आठी पडली. "पण मावशी, रंगकामाच्या आधी माझी तुळई टकटकत होती. मी स्वतः ऐकलीय."

३

भाचा आपल्या खोलीत होता. दाराला जाड गादी लावलेली, भिंतींना गाद्या, खिडकीलाही गादी. तान्ह्या बाळांच्या कानांवर त्याचं संशोधन होतं. कान नुसता ऐकत नाही, तो स्वतःही अगदी बारीक आवाज काढतो. तो आवाज पकडला की बाळाला ऐकू येतं की नाही ते जन्मल्या जन्मल्या कळतं. असला आवाज पकडणारं यंत्र त्याने घडवलं होतं. भिंतीपलीकडे भुंग्यांची टकटक सुरू झाली की त्या यंत्राचं पार वाटोळं व्हायचं.

मावशींनी दार लावून घेतलं. "बस. आणि सरळ सांग. तू केलंस का?"

भाच्याने त्यांच्याकडे असं बघितलं की मावशींना आपलेच शब्द गिळून टाकावेसे वाटले.

"तूसुद्धा?"

"मी विचारतेय. विचारणं वेगळं, मानणं वेगळं. तुझी आई मला रोज विचारते, पोरगा बरा आहे ना, आणि मी रोज हो म्हणते. आज काय सांगू तिला? किल्ली कशाला नेली होतीस?"

"ते नाही सांगणार."

"समितीपुढेही नाही?"

"नाही."

"गाढवा, तोंडाला कुलूप लावून बसलास तर ते तुला हाकलून देतील. मग बाळांचे कान बसतील राहून. हे डोक्यात शिरतंय का?"

भाचा उठला, गादी लावलेल्या खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. मावशींनी त्याला बोलतं करायचा नाद सोडला आणि नुसत्या बसून राहिल्या. लहानपणी रुसायचा तेव्हाही त्या असंच करायच्या.

"मी त्यांचा आवाज घेतला," तो शेवटी पुटपुटला.

"कुणाचा?"

"भुंग्यांचा. तालात टकटकतात गं ते. वैतागून वैतागून एक दिवस मी मोजायलाच लागलो. मग राहवेना. दालनात कुणी नव्हतं, यंत्र घेऊन गेलो, तुळईवर लावलं आणि संध्याकाळभर ऐकत बसलो." त्याने वळून बघितलं. कान लाल झाले होते. "दुसऱ्याच्या नमुन्याची न विचारता नोंद घ्यायची म्हणजे आमच्यात चोरी. त्याचीही शिक्षा तीच, हाकलणं. मग सांगून काय फायदा? आणि तिला काय तोंड दाखवू? उकळून काढीन म्हणालो आणि चोरून ऐकत बसलो."

मावशींना हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही त्यांनी आवरलं. कारण त्यांच्या डोक्यात आता वेगळंच काही सुरू झालं होतं.

"म्हणजे सामान वर नेण्याच्या आदल्या संध्याकाळी ते जिवंत होते. तू ऐकलंस."

"धडधाकट. चांगले शंभरेक."

"आणि काल सकाळी भुंगीला सापडलेली अळी सुकून दगड झालेली." मावशी ताडकन उभ्या राहिल्या. "एवढ्यात मारायचं कुणाला जमेल एक वेळ. पण एवढ्यात सुकवायचं?"

४

बोळाच्या दुसऱ्या टोकाला दोनच खोल्या होत्या. पहिलीत रंगबाई. जुन्या चित्रांतले रंग कशापासून बनवले ते शोधायच्या. त्यांच्या कपाटात इतकी विषारी भुकटी होती की सगळ्या मजल्याला पुरली असती. भुंगी तर म्हणत होती की भाच्याने विष आणलं असेल तर इथूनच.

"माझ्या कपाटातून कणभर गेलेलं नाही," रंगबाई दारातच गरजल्या. "आणि खरं सांगायचं तर मीच तक्रार करणार होते. या शेजारच्या वलयकाकांची. परवापासून भिंतीवर टकटक, टकटक, टकटक! मी बारीक कुंचल्याने रंगाचा कण उचलते हो, हात हलतो. म्हातारपणी माणसाला काय खेळ सुचतात!"

"विचारलंत त्यांना?"

"आमच्यात कुठे बोलणं आहे! आज सकाळपासून थांबलंय एकदाचं. सुटले बाई."

दुसऱ्या खोलीत वलयकाका. झाड दरवर्षी एकेक वलय वाढतं. जुन्या लाकडातली ती वलयं मोजून झाड कधी तोडलं, कोणत्या वर्षी दुष्काळ पडला होता, हे सगळं काका सांगत. खोलीभर लाकडाचे तुकडे, चकत्या, ओंडके. माणूस मवाळ, कानाने अंमळ जड, पण आज तोंड एवढंसं झालं होतं.

"भुंगीचं कळलं मला," ते म्हणाले. "वाईट झालं. पण मावशी, माझ्याकडेही अत्याचारच झालाय, त्याचं कुणाला काही नाही. माझ्या टिंबांचा सत्यानाश केलाय."

"कसली टिंबं?"

"दर दहा वर्षांच्या वलयावर मी सुईने एक टिंब टोचतो. पन्नासला दोन, शंभराला तीन. मोजताना चूक होऊ नये म्हणून. दालनातून तुळई वर आणली, बघतो तर एकही टिंब नाही! कुणीतरी कापलेली बाजू घासून गुळगुळीत केली. संचालकांना सांगितलं तर हसले. म्हणाले, टिंबांचं काय घेऊन बसलात, तिकडे खून पडलाय."

"तुळई तुमचीच होती ना पण?"

काका दुखावल्यासारखे झाले. "चादरी काढून पहिलीच जी दिसली तिची कापलेली बाजू बघितली. वलय न् वलय ओळखीचं. दुष्काळाची तीन बारीक, मग एक जाड, मग वीज पडल्याची खूण. आपल्या लेकराचं तोंड चुकेल का कुणी?"

मावशींनी मान हलवली आणि निघाल्या. भाच्याचं, रंगबाईंचं, काकांचं, सगळं डोक्यात नुसतं गरगरत होतं. एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही, असंच वाटत होतं. बुडालेल्या नावेतल्या त्या दोघांनाही तसंच वाटलं असणार, असं मनात आलं आणि मावशी जिन्यात मध्येच थांबल्या.

५

संचालकांनी कुरकुरत कुलूप उघडलं. भुंगीही आली. तुळई काल होती तशीच पडून होती. मावशी तिच्याभोवती फिरल्या. अंगभर भोकं, भोकांतून सांडलेला भुसा.

"ही तुझीच, हे तुला कशावरून कळलं?"

"भोकांना मी खुणेच्या चिठ्ठ्या लावते. हलवताना फाटतील म्हणून मीच काढून ठेवल्या होत्या." भुंगी गोंधळली. "दालनात तुळई उरली होती एकच. मग ती माझीच ना?"

"उरली होती. म्हणजे कुणीतरी आधी येऊन गेलं होतं." मावशी वाकल्या. "हिचं ते टोक भिंतीकडे का?"

"कापलेलं टोक नेहमी भिंतीकडेच ठेवते मी. त्या बाजूला भोकं नाहीत. माझ्या कामाची नाही ती."

"संचालकसाहेब, जरा हात लावा."

तिघांनी मिळून तुळई फिरवली. मावशींनी चष्मा सरसावला. कापलेल्या तोंडावर एकात एक अशी वलयं होती, आणि मधल्यापासून कडेपर्यंत सरळ रेषेत सुईने टोचलेली टिंबं. एक, एक, एक, एक, मग दोन.

मावशी जमिनीवर बसल्याच.

"अगं बाई! ही तुझी तुळई नाही गं. ही काकांची. एकाच तुळईचे दोन अर्धे, सहा वर्षं एकाच बोळात, आणि दोघांनाही पत्ता नाही! करवत फिरली तेव्हा एका कापाची दोन तोंडं झाली. तुझ्या अर्ध्यावरही तीच वलयं, तोच दुष्काळ, तीच वीज. काकांनी तोंड बघितलं, ओळखलं आणि तुझी तुळई उचलून नेली. टिंबं कुणी घासली नव्हती, त्या तोंडावर ती कधी नव्हतीच! मागून येऊन तू उरलेली उचललीस. तू भोकं बघणारी, ते वलयं बघणारे. एकमेकांची बाजू बघितली असती कुणी तर शपथ."

"मग ही अळी?" संचालक म्हणाले.

"जुनी मढी ती. काकांच्या तुळईतले किडे कधीचेच मेलेत."

भुंगीचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे माझे भुंगे काकांच्या खोलीत आहेत! जिवंत!"

"रंगबाईंच्या भिंतीवर परवापासून टकटक करत होते तेच ते." हे बोलता बोलता मावशींचा आवाज बसला. रंगबाईंचं पुढचं वाक्य त्यांना आठवलं होतं. आज सकाळपासून थांबलंय.

आणि काकांच्या खोलीत ओंडके होते, चकत्या होत्या, तुकडे होते. पुरुषभर लांबीची तुळई मात्र कुठे दिसली नव्हती.

६

"काका!" मावशी बोळातून जवळजवळ धावत होत्या. "तुमची गिरणीची तुळई कुठे आहे?"

काका दचकून उभे राहिले. "फ्रीझरमध्ये. तळघरात. का?"

"फ्रीझरमध्ये कशाला?"

"नेहमीची पद्धत आहे माझी. किडकं लाकूड खोलीत घ्यायचं तर आधी गोठवायचं, म्हणजे आतले किडे मरतात. ती तुळई सहा वर्षांपूर्वी आणली तेव्हाच चांगली गोठवली होती. पण आता दालनात बाकीच्यांच्या सामानात राहिली. कुठून काय लागलं असेल कुणास ठाऊक. म्हटलं, पुन्हा गोठवून घेऊ. आज सकाळीच दोघा हमालांना घेऊन..."

पुढचं ऐकायला भुंगी थांबलीच नव्हती. तिची पावलं जिन्यावरून धडधडत खाली गेली. काकांना मावशींनी दोन वाक्यांत सांगितलं तसा त्यांच्या तोंडचा रंग उडाला. "मी? मी मारले?" एवढंच ते म्हणाले आणि त्या वयात पोरासारखे धावत सुटले.

तळघरातला फ्रीझर माणूस उभा राहील एवढा मोठा होता. दार उघडलं तसे थंडीचे लोट पायांवर आले. सगळ्यांनी ओढून तुळई बाहेर काढली. लाकडावर पांढरं दव गोठलं होतं. हात लावला तर चटका बसत होता. भुंगीने आपलं यंत्र चिकटवलं, कान देऊन ऐकलं, जागा बदलली, पुन्हा ऐकलं.

"काही नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

काका भिंतीला धरून उभे होते. "जाड लाकूड आहे पोरी. थंडी गाभ्यात शिरायला वेळ लागतो, म्हणून तर मी तीन-तीन आठवडे ठेवतो. आतले असतील. आतले नक्की असतील."

"असले तरी गारठून निपचित पडले असतील. एवढा बारीक आवाज माझं यंत्र पकडत नाही. बाहेर लाकूड तडकतंय, वर दव वितळून टपकतंय. मी कुठून ऐकू?" भुंगी एकदम थांबली. तिने मावशींकडे बघितलं आणि मान खाली घातली. "ऐकू शकेल असं यंत्र एकाकडेच आहे."

"मग जा, विचार त्याला," मावशी म्हणाल्या. "मी नाही विचारणार."

भुंगी ओठ चावत जिना चढून गेली.

७

भाचा आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत यंत्राच्या पेट्या होत्या आणि खांद्यावर गादी. भुंगी त्याच्या मागून आणखी दोन गाद्या ओढत आणत होती. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

संचालकांनी घड्याळ पाहिलं. "समिती वर जमायला लागली असेल. चला, तुम्ही माझ्याबरोबर. आता सगळं उघड झालंच आहे, तेवढं सांगून टाका आणि मोकळे व्हा."

"मला आणखी एक सांगायचं आहे तिथे," भाचा म्हणाला, आणि पेट्या न ठेवताच भुंगीकडे वळला. "दालनाची किल्ली मीच नेली होती. तुझ्या भुंग्यांचा आवाज घेतला, तुला न विचारता. सगळा आवाज तुझा आहे. तक्रार करायची तर कर, हक्क आहे तुझा."

भुंगीने हातातल्या गाद्या खाली टाकल्या. "किती वेळाचा आहे?"

"संध्याकाळभराचा."

"स्वच्छ?"

"माझ्या यंत्राचा आहे. अस्वच्छ कसा असेल?"

"तक्रारीचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी हे लाव."

"अहो, पण समिती," संचालक म्हणाले. "वर नाही आलात तर तुमच्या गैरहजेरीत निकाल होईल. नियम आहे तसा."

मावशींना वाटलं, ओरडावं, जा रे बाबा वर, आधी स्वतःला सोडव. बहिणीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. पण भाच्याशिवाय ते यंत्र कुणाला चालवता येत नव्हतं, आणि तुळई क्षणाक्षणाला बाहेरून तापत, आतून गारठत होती. त्यांनी दातांखाली जीभ धरली.

भाच्याने वर बघितलंही नाही. तो गुडघ्यांवर बसून तुळईखाली गादी सरकवत होता. "मी इथून हलत नाही, सर."

भाच्याने यंत्राचं बोटभर टोक एका भोकात सोडलं, तुळई गाद्यांत गुंडाळली, कानाला लावायचं भुंगीकडे दिलं. ती डोळे मिटून बसली. काका हात जोडून उभे होते, ते कुणाला हे त्यांनाही कळत नसावं. मावशींना त्यांची कीव आली आणि रागही आला. माणूस एवढा चांगला, आणि सहा वर्षांत शेजारणीला एकदा विचारलं नाही की बाई, तुझ्याकडे कसलं लाकूड आहे. आणि मग स्वतःचाही राग आला, कारण त्यांनी तरी कुठे विचारलं होतं.

"पुढचं भोक," भुंगी म्हणाली. भाच्याने टोक काढून पुढे सोडलं. "पुढचं." पुन्हा काही नाही. "पुढचं." तिचा आवाज बारीक होत चालला होता. कडेची भोकं संपली. आता मधली तेवढी उरली होती, गाभ्याकडे जाणारी.

जिन्यावर पावलं वाजली. समितीचे लोक निकाल द्यायला आरोपी शोधत स्वतःच खाली आले होते, चांगले पाचसहा जण, सगळे एकदम बोलत. संचालक पुढे झाले आणि समजावून सांगू लागले. तळघर आवाजाने भरून गेलं.

"गप्प बसा!" भुंगी किंचाळली.

एवढी मोठी माणसं, पण गप्प बसली. भुंगीने एक हात वर धरला होता आणि दुसऱ्याने भाच्याचं मनगट घट्ट पकडलं होतं. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती हलेना. मावशींनी श्वास रोखला, आणि शेजारी संचालकांनीही रोखलाय हे त्यांना जाणवलं.

"एक," भुंगी पुटपुटली. मग किती तरी वेळाने, "नाही... दोन."

तिने कानाचं काढून भाच्याच्या कानांना लावलं. भाचा ऐकू लागला आणि ऐकता ऐकता त्याचं तोंड लहान पोरासारखं उघडं पडलं. वलयकाका तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडू लागले. मावशींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि स्वतःही पदराने डोळे पुसले. आज बहिणीला खरं खरं सांगता येणार होतं, पोरगा बरा आहे.

समितीतले सगळ्यांत ज्येष्ठ गृहस्थ खाकरले. "म्हणजे, या प्रकरणात आपली सर्वांची अशी भूमिका आहे का, की आरोपीवर..."

"सर," भाचा मान वर न करता म्हणाला, "जाताना दार लावून घ्या. आम्ही ऐकतोय."